दोन डॉक्टरांचे कागद

परभणीच्या डॉक्टरांनी माझ्या आईची फाईल टेबलावरून ढकलून दिली. कागद फरशीवर पसरले. त्यात संभाजीनगरच्या डॉक्टरांचा कागद निघाला होता, एवढाच आमचा गुन्हा.

"त्याच्यावर एवढा विश्वास आहे तर त्याच्याकडंच जा. इथं कशाला मरायला येता?"

आईच्या हृदयात धातूची झडप आहे. ऑपरेशन संभाजीनगरला झालं. सेलूहून दर महिन्याला तिकडं जाणं झेपत नाही, म्हणून महिन्याची तपासणी परभणीत, तिकडं सहा महिन्यांनी एकदा.

आई वाकली. डॉक्टरांच्या पायाला हात लावला. म्हणाली, "चुकलं सायेब. लेकराला कळत न्हाई."

लेकरू म्हणजे मी. वय बत्तीस. जिनिंगमध्ये कापसातली घाण वेचते. मी काय केलं? गुडघ्यावर बसून कागद गोळा केले. दारातून रांगेतली माणसं बघत होती. मान वर केली नाही.

त्या दिवसापासून दोन पिशव्या केल्या. ह्याचा कागद त्याला दाखवायचा नाही, त्याचा ह्याला नाही. आमच्याकडं बहुतेक जण असंच करतात. देव रुसला तर चालेल, डॉक्टर रुसायला नको. मला ती माझी हुशारी वाटायची.

रक्त पातळ करायची गोळी दोघांनीही लिहिली. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी. मी रोज संध्याकाळी दोन्ही आईच्या हातावर ठेवायची, वरून पाणी द्यायची.

मग आईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर काळेनिळे डाग. "उष्णता झाली आसंल," आई म्हणायची. मी मेडिकलवाल्याला पाकिटं दाखवली. तो माझ्याकडं बघतच राहिला. "ताई, ह्या दोन्ही एकच हायत. दोन्ही द्या म्हणून सांगितलं कुणी?"

कुणीच नाही. दोन्ही डॉक्टरांपासून मीच लपवलं होतं. तिथंच जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं असं वाटलं.

तशीच आईला घेऊन परभणी गाठली. त्याच डॉक्टरांपुढं दोन्ही पाकिटं ठेवली, सगळे कागद ठेवले. "दोन्ही गोळ्या मीच दिल्या. तुमच्या भीतीनं."

ते चिडले. अडाणी म्हणाले. पेन उचललं. मी कागदावर हात ठेवला.

"आधी त्यांना फोन लावा. मग लिहा."

आईनं माझा पदर ओढला. मी उठले नाही. त्यांनी फोन लावला. दोघं डॉक्टर दोन मिनिटं बोलले. तेवढ्या दोन मिनिटांच्या बोलण्यावाचून माझ्या आईचं रक्त वाहत होतं.

चार दिवस आई दवाखान्यात होती. आता घरी आहे. डाग फिकट झाले, माझी लाज झाली नाही. होऊही नये. एका माणसाचा राग मी आईच्या जिवापेक्षा मोठा मानला.

झडप जन्माची आहे, गोळीही जन्माची. कुणी हाकलून दिलं तरी चालेल. डॉक्टरांनी एकमेकांशी न बोलता लिहिलेली गोळी मी आईच्या हातावर ठेवणार नाही. आणि पाया तर आता तिलाही पडू देणार नाही.