अक्कात्याचं थ्रीडी कार्ड

माझी आत्या रागावत नसे. रागावणारी माणसं दुसऱ्या दिवशी निवळतात, असं तिचं म्हणणं. ती अपमान करणाऱ्याचं नाव लक्षात ठेवायची आणि त्याच्याशी फार गोड बोलायला लागायची. तिनं कुणाला "बसा हो, कॉफी घ्या," असं दोनदा म्हटलं, की आम्ही घरचे त्या माणसाकडे दयेनं बघत असू.

आमच्यासारख्या बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. बाबांची ती अक्का, म्हणून माझी अक्कात्या. तिनं लग्न केलं नव्हतं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती स्टेनो होती आणि केस काळेभोर ठेवण्याच्या बाबतीत काटेकोर होती. चुलतभावाच्या मुंजीत एका भटजींनी तिला "तुम्ही जरा मागं उभ्या राहा," असं सांगितलं होतं. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आमच्याकडे आले, तेव्हा तिनं त्यांना हसतमुखानं बिनसाखरेची कॉफी दिली. त्यांनी एकदा धीर करून साखर मागितली, तर म्हणाली, "अय्यो, या वयात तब्येत जपायला नको का?"

कारखान्यानं जुने कॉम्प्युटर काढून टाकले, तेव्हा त्यातला एक तिनं माझ्यासाठी आणला. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. शाळा इंग्रजी, घर मराठी, रस्ता कन्नड. तिन्ही भाषा यायच्या आणि तिन्हींत मी गप्प असायचे. त्या कॉम्प्युटरवर मात्र मी गाड्यांच्या शर्यती खेळायचे आणि तिथं मला कुणाशी बोलावं लागत नसे. अक्कात्या शेजारी स्टूल घेऊन भाजी निवडत बसायची. गाडी कठड्यावर आपटली, की म्हणायची, "स्वल्प तडी गं पुट्टी, थांब जरा, घाई कशाला? वळण कुठं पळून जातंय?"

त्या दिवाळीत आम्ही काकांकडे फराळाला गेलो. काकांचा मुलगा प्रमोद इंजिनियरिंगला होता आणि त्याच्याकडे नवा कोरा कॉम्प्युटर होता. त्यावर मी तीच शर्यत खेळले आणि प्रमोदचा विक्रम मोडला. पडद्यानं विजेत्याचं नाव विचारलं. तेवढ्यात काकूनं बशा न्यायला हाक मारली. परत आले, तर सगळ्यांत वर PRAMOD असं लिहिलेलं आणि तो काकांना ते दाखवत होता. काकांनी विचारलं, "आणि ही?"

"ही बघत होती," प्रमोद म्हणाला. "मुलींना बघायला आवडतं."

मी हातातली बशी त्याच्यासमोर ठेवली. अक्कात्या दाराशी चकली खात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, "प्रमोद, राजा, उगादीच्या पाडव्याला आमच्याकडे ये हं. नक्की ये."

रिक्षात बसल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आपल्या डब्यावर तो हरेल का?" मी खरं ते सांगितलं. आमच्या डब्यावर गाड्या धक्के खात चालायच्या, मोठं वळण आलं की चित्र थिजायचं. तिथं हरला, तर तो मशीनला नावं ठेवील. मासिकात वाचलं होतं, की थ्रीडी कार्ड बसवलं की जुना कॉम्प्युटरही नीट पळतो. "मग ते आणू," ती म्हणाली. "सूड घेताना समोरच्याला पळवाट ठेवू नये."

एका शनिवारी आम्ही कॉम्प्युटरच्या बाजारात, एस. पी. रोडला गेलो. पहिल्याच दुकानातला तरुण निपाणीकडचा निघाला. मराठी ऐकून अक्कात्या खूश झाली. तिनं कार्ड मागितलं. बाहेर हॉर्नचा गोंगाट होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "एजीपी, की पीसीआय?"

अक्कात्याला ऐकू आलं, "ए आजी, पीसी हाय?"

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती गोड हसली. "तुझ्या आजीला विचार," म्हणाली आणि निघाली. "आत्या, तो काहीतरी..." असं मी म्हणेपर्यंत ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरली होती. तिथं तिनं सगळ्यांत भडक खोक्यातलं कार्ड घेतलं, खोकं पदराखाली न झाकता मुद्दाम त्या मुलाच्या डोळ्यांसमोरून नेलं.

घरी कार्ड बसेना. आत खाच होती, पण त्या मापाची नव्हती. मी खोक्यावरचं इंग्रजी वाचलं, कॉम्प्युटरचं जुनं पुस्तक उलगडलं आणि हळूच म्हणाले, "आत्या, तो आजी म्हणाला नव्हता. एजीपी. ते खाचेचं नाव आहे. आपल्याकडे दुसरी आहे, पीसीआय."

तिनं कार्ड परत खोक्यात घातलं. समोरचा दुकानदार उघडलेलं खोकं परत घेईना. खाच आधी विचारणारा एकच भेटला होता, तो निपाणीकर. त्याच्याकडे पुन्हा जाणं म्हणजे मान खाली घालणं आणि ते तिनं आयुष्यात केलं नव्हतं. पण शेवटी तिनं चपला घातल्या. "मोठ्या सुडासाठी लहान सूड सोडावा लागतो," म्हणाली. तिच्या तोंडून 'सोडावा' हा शब्द मी तेव्हाच ऐकला.

तो मुलगा पोट धरून हसला. "आजी न्हवं हो अक्का, एजीपी! बोर्डावरची खाच हाय ती!"

"मग तसं स्पष्ट बोलावं. आणि हिच्याशी बोल आता, हिला कळतं."

मग मला बोलावंच लागलं. जुनं मशीन आहे, मेमरी किती आहे, कुठली शर्यत चालवायची आहे, हे मी त्याला अडखळत सांगितलं. त्यानं तीन कार्डं काढून ठेवली. सगळ्यांत महागडं आमच्या मशीनला पेलणार नाही, हे माझं मीच ओळखलं. मधलं घेतलं. अक्कात्या शेजारी उभी होती, पण एका शब्दानं मध्ये पडली नाही.

उगादीला सगळे नातलग आले. पुरणाच्या होळग्या झाल्या आणि अक्कात्यानं प्रमोदला खुर्ची दिली. आधी तो खेळला, मग मी. मी जिंकले. तो म्हणाला, "तुझं मशीन आहे, तुझ्या हाताला सवय."

"अगदी खरं," अक्कात्या म्हणाली. "सवय करून घे, राजा. पुन्हा बस." तो पुन्हा हरला. तिनं त्याला पाणी दिलं, उशी दिली, पंखा त्याच्याकडे वळवला आणि तिसऱ्यांदा बसवलं. तिसऱ्यांदाही तो हरला, तेव्हा काका मागं उभे होते. पडद्यानं नाव विचारलं. "आडनावासकट लिही," ती म्हणाली. मी लिहिलं आणि मला प्रमोदचं जराही वाईट वाटलं नाही. इतकं गोड मी त्या होळग्यांतही काही खाल्लं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात अक्कात्या काविळीनं गेली. तेराव्याला पंगत बसली होती आणि मी तूप वाढत होते. प्रमोद शेजारच्यांना सांगत होता, "अक्कात्याचा माझ्यावर फार जीव. ते थ्रीडी कार्ड मीच निवडून दिलं तिला. सगळा एस. पी. रोड पालथा घातला होता."

माना हलल्या. कुणीतरी "चांगलं केलंस," असंही म्हणालं.

मी त्याच्या पानासमोर थांबले. "ते कार्ड मी निवडलं," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "तिला तुला हरवायचं होतं. आणि तू हरलास. काका, तुम्ही होतात ना तिथं?"

काकांनी पानातला भात सारखा केला. "होतो," ते म्हणाले.

आई मागून पुटपुटली, "वाढ पुढं." मी पुढच्या पानाकडे वळले. प्रमोदच्या पोळीवर तूप वाढायचं राहिलं होतं. ते मी राहू दिलं.