ऊसतोडीचा तक्ता

त्या वर्षी फलटणच्या आमच्या घरात दोन कॉलेजांचे फॉर्म सहीसाठी पडून होते. सांगलीला मावशी राहायची, म्हणून आण्णांना सांगली हवी होती. मला पुणंच हवं होतं, कारण तिथं स्टॅटिस्टिक्सबरोबर कॉम्प्युटरही शिकवत. मला सिस्टिम अ‍ॅनालिस्ट व्हायचं होतं.

"काय काम असतंय त्याचं?" आण्णांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं.

बोलून पटेना, तेव्हा मी वहीतला तक्ता त्यांच्यापुढं आपटला. गावात कुणी ऊस कधी लावला आणि कुणाला तोड कधी मिळाली, हे मी घरोघरी विचारून लिहिलं होतं.

"आधी लावणाऱ्यांचा ऊस वाळतोय, आणि साखर कारखान्याच्या संचालकांच्या भावकीला दरसाल पहिली तोड. पाळी कुठं मोडते ते शोधायचं, हेच काम!"

कारखान्यात तोडीची पाळी आण्णाच लावत, हे रागाच्या भरात माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. आण्णांनी तक्त्यावरून दोनदा बोट फिरवलं. मग पुण्याच्या फॉर्मवर सही केली आणि वहीचं ते पान फाडून खिशात घातलं.

"पुण्यालाच जा," ते म्हणाले. "आणि सुट्टीला आलीस की गावात कुणाला काय इचारत हिंडू नगंस."