मला वर्गातून उचललं

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच कॉलेजात पाऊल ठेवलं आणि पाच मिनिटांत माझं नाव यादीतून कमी करून घेतलं. चूक त्यांची नव्हती. पत्र मी लिहिलं होतं.

आम्ही सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यातले ढीवर. तळ्यातली मासोळी आणि बांध घातलेल्या दोन तुकड्यांतलं, म्हणजे दोन बांध्यांतलं धान, एवढ्यावर घर चालायचं. मी मात्र नागपुरात, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. गावातून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सुटीत घरी आलो की पाणीसुद्धा 'जल' म्हणून मागायचो. (माय द्यायची. बहुधा कीव येऊन.)

त्या वर्षी कॉलेजानं एक नवी सोय काढली. बी.कॉम.ला चांगले गुण असलेल्या मुलांनी शेवटच्या वर्षातच एम.कॉम.च्या हिशेबशास्त्राच्या वर्गालाही बसायचं, म्हणजे पुढची दोन वर्षं एकात आटपतात. अट एकच, पालकांची लेखी संमती हवी. माझं नाव यादीत लागलं. मी हवेतच होतो. त्याच हवेत मी घरी कार्ड टाकलं :

'मला बी.कॉम.च्या वर्गातून उचलून अन्यत्र बसविण्यात आले आहे. वडिलांच्या स्वाक्षरीविना पुढील कार्यवाही स्थगित आहे.'

(फॉर्म घेऊन मीच दिवाळीत येतो, हे लिहायला जागा उरली नाही. निम्मं कार्ड 'सादर प्रणिपात'नंच खाल्लं होतं.)

कार्ड वाचलं माझ्या थोरल्या बहिणीनं, शकूबाईनं. ती चौथी पास. पुढे काय झालं ते तिनंच मला नंतर सांगितलं.

"बाबा, त्याले उचललं म्हंते."

"कोनं?"

"थे नाई लिहिलं. दुसरीकडं बसवून ठेवलं म्हंते. तुमची सही नाई भेटली तं कार्यवाही होते."

माय होती तिथंच खाली बसली. बाबा धुतलेलं धोतर नेसले, साहेबाला रिकाम्या हातानं कसं भेटायचं म्हणून वाळवलेल्या झिंग्यांची टोपली फडक्यात बांधली आणि अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं नागपूर गाठलं.

दुसऱ्या दिवशी तास चालू असताना शिपाई मला बोलवायला आला. "प्रिन्सिपॉलसाहेबानं बलावलं. लवकर चाल. वास सुटून राह्यला."

आमचे प्रिन्सिपॉल पुण्याकडचे, कांदासुद्धा न खाणारे. मी आत गेलो तर ते खुर्ची मागे सरकवत सरकवत खिडकीला टेकले होते. टेबलावर फायलींच्या मधोमध टोपली. बाबा खाली जमिनीवर, हात जोडून.

"तुमच्या वडिलांचा या योजनेला विरोध आहे," साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले. "तुम्हाला पूर्वीच्याच वर्गात ठेवावं म्हणतात. एवढ्या लांबून आलेत. मी नाव कमी केलं."

"होय जी," बाबा म्हणाले. "पोरगं गुनाचं आहे. काई चुकलं असन तं माफ करा, पन होता तिथीच बसवा."

मी घाईघाईनं समजवायला लागलो. "बाबा, ही शिक्षा नाही. गुणवत्तेच्या निकषावर उभय अभ्यासक्रमांचं एकत्रीकरण..."

बाबांनी साहेबांकडे पाहून आणखी घट्ट हात जोडले. मी 'शैक्षणिक कालावधीचा संक्षेप' म्हणालो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी दारातला शिपाई न राहवून बोलला. "भाऊ, तुमचा पोरगा हुशार आहे म्हनून त्याले वरच्या वर्गात बसवलं. एक वर्ष वाचते त्याचं."

बाबांनी आधी शिपायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग तसं काऊन नाई लिहिलं बे?"

साहेब रुमालाआड हसत होते. त्यांनी नाव पुन्हा लिहिलं, फॉर्म काढला, आणि बाबांनी त्यावर अंगठा उठवला. टोपली शिपायाच्या घरी गेली. हा न्यायच झाला. संध्याकाळी मी बाबांना गाडीत बसवलं. ते म्हणाले, "मायले बरं वाटन," आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून राहिले.

मी बी.कॉम. झालो आणि पुढच्याच वर्षी एम.कॉम.सुद्धा. लगेच चांद्याच्या एका कचेरीत मुलाखतीला गेलो. साहेबांनी प्रमाणपत्रं पाहिली, वाहवा केली आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. "वय कमी भरतं. पुढल्या वर्षी या."

ते वर्ष मी बाबांबरोबर तळ्यावर काढलं. खोटं कशाला बोलू, फार सुखात गेलं. वर्षानं पुन्हा मुलाखतीला गेलो, तर बाहेरच्या बाकावर माझे बी.कॉम.चेच सोबती, सरळ वाटेनं दोन वर्षांत एम.कॉम. होऊन आलेले. त्यांच्यात आणि माझ्यात आता फरक एवढाच होता, की मला जाळं विणता येत होतं, आणि अर्जात ते लिहायला रकाना नव्हता.