दक्षाची बाटली

डहाणूच्या खाडीच्या तोंडाशी जो काळा खडक आहे ना, त्यावरची कालवं फोडून विकण्यात दक्षाची वीस वर्षं गेली. पण दोन वर्षांपासून तिचं सगळं लक्ष जावेकडे, भाविनीकडे.

झालं काय, कॉलेजवाले खाडीचं पाणी तपासायला लागले. दर महिन्याला ओहोटीला दक्षाने खडकापाशी एक बाटली भरायची, भाविनीने आत नाल्यापाशी एक. दक्षाचं पाणी कायम चांगलं निघायचं. कॉलेजचे सर "छान हां वहिनी" म्हणायचे, की चालले! आणि भाविनीचं पाणी घाण, म्हणून तिच्या अंगणात खुर्च्या, चहा, फोटो, अर्धा अर्धा तास गप्पा. कॉलेजच्या पोस्टरवरही भाविनीच!

"घाणीला मान आहे बाबा," दक्षा नवऱ्यापाशी धुसफुसली.

"मग तू पण कर घाण," भिकू जाळं विणता विणता हसला.

त्याने गंमत केली. हिने त्या महिन्याची बाटली खरंच नाल्यातून भरली.

आठवड्याने सर आले, सोबत चार पोरं. दक्षाच्या अंगणात खुर्च्या लागल्या. तिने आलं घालून चहा केला, आणि भाविनी कुंपणापाशी उभी राहून बघतेय हे बघून तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं!

मग सर म्हणाले, "वहिनी, पाण्यात जंतू फार निघालेत. पुन्हा तपासेपर्यंत या खडकावरची कालवं कुणीच काढायची नाहीत."

त्या खडकावर सात बायकांची चूल चालते.

भाविनीच आधी बोलली. "आता तोंडाशी पण घाण आली? माझी पोरं तुझीच कालवं खातात गं, दक्षा."

दक्षाने हातातला कप खाली ठेवला. "सर... ती बाटली नाल्यातली होती. मीच भरली."

कुणी चहाला हात लावेना. सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "उद्या मी समोर उभा राहतो. पण तुमच्या खडकाची बाटली आता भाविनीवहिनी भरतील."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला भाविनी चाचपडत खडकावर चढली. तिला तिथली सवय कुठली!

"डावीकडून ये गं येडे, तिथे शेवाळ आहे!" दक्षा ओरडली आणि धावत जाऊन तिचा दंड धरला.

भाविनीने वाकून बाटली भरली. "शाब्बास वहिनी!" सर म्हणाले.

ते ऐकून दक्षाला मिरच्याच झोंबल्या. पण बाटलीचं झाकण लागेपर्यंत तिने दंड काही सोडला नाही.