चंपाषष्ठीची वांगी

अमरावतीहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, एवढंच आम्हांला कळत होतं. वडलांनी ज्वारीचं वावर तर आदल्या सालीच कापसाखाली घातलं होतं. त्या साली विहिरीजवळचा आईचा भाजीचा तुकडाही गेला. तेवढा राहू द्या, असं आई दोनदा म्हणाली. वडील वाईट नव्हते. भाजी बाजारातून आणू, म्हणून त्यांनी विषय संपवला.

पण तसं सगळ्याच गावानं केलं होतं. मार्गशीर्षात आमची ओसरी आढ्यापर्यंत कापसानं भरली आणि चुलीवर रोज नुसतं वरण शिजू लागलं. अंबाडी नाही, वालाच्या शेंगा नाहीत. ज्वारीच नाही, तर हुरडा कुठला?

आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात वांगं खायचं नाही. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच ते पुन्हा ताटात घ्यायचं, अशी घरची रीत. वडील अमरावतीच्या बाजाराला जाऊन रिकाम्या हातानं परतले. यंदा नुसता रोडगा दाखवू, असं ते जरा वरमूनच म्हणाले. षष्ठीच्या सकाळी आईनं टोपली उचलली, मला सोबत घेतलं आणि गावाच्या टोकाला पिंजाऱ्याच्या घरी गेली.

तिथं एक म्हातारी विधवा एकटी राहायची. सगळे तिला चाची म्हणत. गावाच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून तिनं जन्म काढला होता. आता कापूस वेचला की बांधला जाई आणि गाड्यांतून गावाबाहेर जाई. तिच्याकडं पिंजायला काही येतच नव्हतं. तिला वावर नव्हतं. घरामागच्या वीतभर जागेत तिनं वांगी, मेथी, कांदे लावले होते आणि त्यावर ती दिवस काढत होती.

आईला कुणाकडं काही मागताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चाचीनं सहा मोठी हिरवी वांगी तोडून टोपलीत ठेवली. आई पदराची गाठ सोडू लागली, तेव्हा तिनं आईचा हात धरला.

"पैसा राहू दे, बाई. तुमच्या वावरातला हुरडा खाऊन दोन साल झाले. पुढच्या साली थोडीशी जवारी पेरजो, अन् मले बोलावजो."

घरी येऊन आईनं अंगणात गोवऱ्या पेटवल्या. जाळ बसल्यावर निखाऱ्यात कणकेचे गोळे पुरले, वर गरम राख ओढली, बाजूला वांगी भाजायला ठेवली. रोडगे फडक्यानं झाडून फोडले, त्यांत तूप सोडलं. नैवेद्य झाल्यावर तिनं आधी चाचीचा वाटा माझ्या हाती पाठवला. मग वडलांना वाढताना ती म्हणाली, "वावर तुमचं हाये, पर चूल माही हाये. विहिरीजवळचा तुकडा मले पाह्यजे."

वडलांनी भरीत दुसऱ्यांदा मागून घेतलं, एवढंच.

पुढच्या साली त्या तुकड्यात ज्वारी उभी राहिली. हुरड्याला चाचीला बोलवायला वडील स्वतः गेले. ती आली, आगटीजवळ बसली, पण तिला दाणे चावेनात. मधल्या काळात तिचे उरलेले दात पडले होते. आईनं हुरडा लसूण-मिरची घालून ठेचला आणि तिच्या ओंजळीत दिला. ती हळूहळू, डोळे मिटून खात राहिली. एवढ्या भरल्या गावात या बाईला काय हवंसं वाटत असेल, हे दोन वर्षं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. मला तेव्हा लाज वाटली आणि आजही वाटते.

लढाई संपली, भाव कोसळला. गावातले पुष्कळजण अडचणीत आले. आम्हीही ओढगस्तीत दिवस काढले. पण विहिरीजवळच्या तुकड्यात पुन्हा कापूस लागला नाही. चाची अकोल्याच्या जुन्या शहरात लेकीकडं राहायला निघाली, तेव्हा वांग्याचं बी चिंधीत बांधून आईला देऊन गेली. गाडी दिसेनाशी झाली तरी आई दारात बसून होती. त्या दिवशी तिनं चूल पेटवलीच नाही. वडलांनी टोपल्यातली शिळी भाकरी काढली आणि तिच्याजवळ बसून खाल्ली.