कौसामावशींचा पालथा हात

कौसामावशी बाळाचं तोंड कधीच आधी बघत नसत. मुलगा की मुलगी, गोरं की सावळं, नाक कुणाचं घेतलंय, या कशाशीच त्यांना देणंघेणं नव्हतं. दुपट्यात पालथा हात घालून त्या आधी तळपाय चाचपत, मग पोट. दोन्ही गरम लागलं की "बेस हाय" म्हणत आणि पुढच्या पाळण्याकडे वळत. नातेवाइकांना याचा राग यायचा. मलाही आला होता.

जालना रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलात त्या बाळांच्या वॉर्डात आया होत्या. मुकुंदवाडीहून शेअर रिक्षानं येत. ठेंगण्या, काटक, आवाज मात्र दांडगा. सात वर्षांपूर्वी, जानेवारीत, आमची मुलगी दीड महिना आधीच जन्मली. पावणेदोन किलोची. बायकोला ऑपरेशननंतर ताप चढलेला, ती दुसऱ्या मजल्यावर. माझ्या आईला खोकला. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ तसं ठीक आहे, पण अंगावर चरबी नाही, स्वतःची ऊब तिला स्वतःला राखता येत नाही. घरातल्या कुणीतरी तिला उघड्या छातीशी धरून बसायला हवं, जितका वेळ जमेल तितका.

"घरातलं कुणीतरी" म्हणजे मी, हे माझ्या लक्षातच आलं नाही. कौसामावशींनी ते लक्षात आणून दिलं.

"साहेब, शर्ट काढा."

मी इकडेतिकडे पाहिलं. वॉर्डात सगळ्या बायका. त्यात माझी छाती म्हणजे नुसत्या बरगड्या. मी म्हणालो, "मावशी, चांगली जाड गोधडी आणतो ना घरून."

"गोधडीत कुठं ऊब असती? ऊब माणसात असती. गोधडी नुसती राखती. आत गारच असलं तर गारच राखंल ती." त्यांनी पडदा ओढला. "लाजू नका. हितं तुमाला बघायला कुणालाबी टाइम नाय."

मी बसलो. त्यांनी लंगोट आणि टोपी एवढ्यावरच असलेली मुलगी माझ्या छातीवर पालथी घातली आणि वरून शाल गुंडाळली. तिचे पाय बरगड्यांना लागले ते माठासारखे गार. तासाभरानं ते गार लागेनासे झाले. मी चिकलठाण्यातल्या कारखान्यात भट्ट्यांचं तापमान सांभाळतो, दोन अंशांसाठी लोकांवर ओरडतो. पण आपल्या अंगानं दुसरं अंग तापतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तीन दिवस मी असा बसलो आणि मनातून फार खूश होतो.

मावशींशी गप्पाही जमल्या. तुम्ही थर्मामीटरवर विश्वास का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं.

"ठिवते की. शिस्टर लावत्यातच. पण त्यो सांगायच्या आधी पाय सांगत्यात. पोट गरम अन् पाय गार, म्हंजी लेकरू आतलं सरपण जाळू लागलंय. पोट बी गार, म्हंजी सरपण संपलं." मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "तुमी-आमी थंडीत कुडकुडतो, त्यानं अंग तापतं. ह्या लेकराला कुडकुडता बी येत नाय. रडत बी नाय. नुसतं गप पडतं. गप लेकराला भ्यावं, साहेब."

चौथ्या दिवशी दुपारी त्या जेवायला निघाल्या तेव्हा मी सहज म्हणालो, आज सासरे येणार आहेत. त्या दारातून मागं फिरल्या. "येऊ द्या. सासरा येऊ द्या, नायतर कलेक्टर येऊ द्या. मी येईपर्यंत लेकरू काढायचं नाय."

सासरे आले. सोबत मेहुणा आणि गावाकडचे दोघं. कडक पांढरे कपडे, करकरीत वहाणा. आमच्याकडं जावई सासऱ्यासमोर पाय पसरूनही बसत नाही, आणि मी उघडाबंब, छातीशी पोर धरून बायकांच्या वॉर्डात. वहाणांचा आवाज ऐकला मात्र, मी मुलीला छातीवरून उचललं, त्यांनीच पाठवलेल्या नव्याकोऱ्या लोकरीच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून पाळण्यात ठेवलं आणि शर्टाची बटणं लावली. पडदा सरकवून "या, या" म्हणालो.

गप्पा लांबल्या. कुणाचं लग्न, कुठला रस्ता, असलं काहीबाही. मुलगी हूं की चूं करत नव्हती. सासरे कौतुकानं म्हणाले, "लई शानी पोरगी हाय. एवढी मानसं आली तरी रडत नाय." मी हसलो. अभिमानानं हसलो, हे आज लिहितानाही मान खाली जाते.

पाऊण तासानं कौसामावशी आल्या. त्यांनी ब्लँकेटमध्ये हात घातला. पाय, मग पोट. आणि त्या ओरडल्या, "पोट बी गार हाय! शिस्टर, पळा!"

पुढची दहा मिनिटं मला धड आठवत नाहीत. मुलीला दिव्याच्या गरम पाळण्यात नेलं, सलाईन लावलं, साखर उतरली होती ती दिली. डॉक्टरबाई धावत आल्या आणि काम करता करताच विचारलं, "हिला छातीवरून कुणी काढलं?"

माझ्या मागं सासरे उभे होते. मी म्हणालो, "मावशींनीच सांगितलं, ठेवा पाळण्यात म्हणून."

कौसामावशींनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मुलीचे पाय चोळत होत्या, ते चोळत राहिल्या. मुलगी रात्रीपर्यंत सावरली. दुसऱ्या दिवशी मावशी वॉर्डात दिसल्या नाहीत. सिस्टर म्हणाली, त्यांना खाली लाँड्रीत पाठवलंय.

घरी जायच्या दिवशी मी लाँड्रीत गेलो. त्या ओल्या चादरी झटकत होत्या. मला बघून आधी विचारलं, "लेकरू कसंय?"

"बरी आहे. मावशी, माझं चुकलं. त्या दिवशी तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"तवा तुमच्याशी भांडत बसले असते, तर लेकराकडं कुणी बघितलं असतं? नंतर बोलले की. कुणी ऐकतंय व्हय?" त्यांनी चादर तारेवर टाकली. "मला सांगून काय उपेग, साहेब? वर जाऊन बाईंना सांगा. मला लेकरांत परत जायचंय."

मी हो म्हणालो, अगदी मनापासून. वर गेलो. डॉक्टरबाई राउंडला होत्या. पाचेक मिनिटं थांबलो. खाली गाडी उभी होती, सासरे हॉर्न वाजवत होते. फोन करून सांगू, असं ठरवून मी निघालो. तो फोन मी कधीच केला नाही. लस द्यायलाही आम्ही दुसरीकडं जाऊ लागलो. बायकोला कारण सांगितलं, तिथं गाडी लावायला जागा नसते.

परवा शेजाऱ्यांच्या नातवाला घेऊन त्याच हॉस्पिटलात जावं लागलं. डॉक्टरबाईंचे केस पिकलेत. त्यांनी मला ओळखलं नाही. निघताना धीर करून विचारलं, कौसामावशी कुठं असतात?

"त्या गेल्या हो, दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत लाँड्रीत होत्या. हाताला गुण होता त्यांच्या, पण एका बाळाच्या बाबतीत हलगर्जीपणा झाला, मग मी धोका पत्करला नाही. दर महिन्याला येऊन विचारायच्या, बाई, आता तरी लेकरांत घ्या. मी नाय ठेवलं त्या लेकराला पाळण्यात, म्हणायच्या. पण त्या बाळाच्या बापानंच त्यांचं नाव घेतलं होतं. बाप कशाला खोटं बोलेल?"

मी म्हणालो, "तो बाप मी. मी खोटं बोललो होतो."

डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, "का?"

माझे सासरे तिथं उभे होते, याहून मोठं कारण माझ्याकडं नव्हतं. तेवढंच मी त्यांना सांगितलं.