ढोलाच्या तालावर लावलेली धार

रिफ्की उस्तांचा, म्हणजे आमच्या न्हावी वस्तादांचा, मुलगा वेहबी काही कामाचा नाही, हे आमच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं. मी ते मोठ्याने बोलत असे, एवढाच फरक. माझं कल्हईचं दुकान त्यांच्या न्हाव्याच्या दुकानाला लागून, मध्ये एक विटेची भिंत. त्यामुळे वेहबीचा जन्म, त्याच्या उचापती आणि त्याचं घोरणं हे सगळं मी त्या भिंतीतून ऐकलेलं आहे.

अठराव्या वर्षी तो पैलवान व्हायला तोकात शहरात गेला आणि खांदा उतरवून परत आला. मग अंकाराला गाणं शिकायला गेला. तिथे काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही, पण गाणं आम्ही कधी ऐकलं नाही. मग बसमध्ये कंडक्टर झाला, तर प्रवाशांपेक्षा जास्त वेळ तोच झोपायचा. दर खेपेला स्वारी नवी मिशी घेऊन गावात परत यायची आणि बापाच्या दुकानातल्या बाकावर बसून जगाला अक्कल शिकवायची. बत्तीस वर्षं झाली तरी त्याच्या तोंडून ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द कुणी ऐकले नव्हते. बस चुकली तर ड्रायव्हर गाढव, खांदा उतरला तर आखाडा वाकडा.

अशात रिफ्की उस्तांचा हात थरथरायला लागला. चाळीस वर्षं ज्या हाताने आमच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला, त्या हातातून चहाचा ग्लास सांडायला लागला. लोक दुसऱ्या आळीतल्या न्हाव्याकडे जायला लागले. मी पाहत होतो, दुपारी म्हातारा रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसायचा.

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, त्याच वेळी मी भिंतीची लांबीही मोजली. मला दुसरी भट्टी घालायची होती. लग्नसराईत केशकेकची, म्हणजे लग्नातल्या गहू-मटणाच्या खिचड्याची, मोठी पातेली कल्हईला येतात, ती ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती. दुकान मला देता का, असं मी उस्तांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, “दोन महिने थांब, हुलुसी. वेहबी शिकतो म्हणतोय.”

मी हसलो. चांगला पोट धरून हसलो.

वेहबी बाकावरूनच म्हणाला, “हसू नका, हुलुसीदादा. दाढी करायला काय लागतं? साबण लावायचा, खरवडायचं.”

“खरवडायचं?” उस्ता म्हणाले. “भांडं आहे का ते? आधी फेस कर.”

आणि पहिला महिना त्यांनी त्याला वस्तऱ्याला हात लावू दिला नाही. नुसता फेस. तांब्याचा वाडगा, मीच कल्हई केलेला, त्यात साबण, आणि बिज्जूच्या केसांचा ब्रश. उस्तांची परीक्षा साधी होती. वेहबीने केलेला फेस ते आपल्या मनगटावर लावायचे आणि चहा मागवायचे. ग्लास संपेपर्यंत फेस ओला, चकचकीत राहिला तर खरा. पहिल्या दिवशी पहिल्या घोटालाच फेस बसला. दुसऱ्या दिवशी त्याने एवढं पाणी घातलं की फेस उस्तांच्या कोपरापर्यंत वाहत गेला.

“हा फेस आहे की धुणं?” उस्ता विचारायचे.

“साबण भिकार आहे, बाबा.”

“याच साबणावर तुला वाढवला. पाणी थेंबाथेंबाने घाल. ब्रश दाबू नकोस, फिरव. फेस मागतो तेवढंच पाणी द्यायचं.”

“फेस मागतो? बोलतो की काय तो?”

“बोलतो. तू गप्प बसलास तर ऐकू येईल.”

भिंतीपलीकडे माझी करमणूक चालली होती. उस्तांनी त्या महिन्यात जेवढा चहा प्यायला तेवढा त्यांनी आयुष्यात प्यायला नसेल. पण महिन्याच्या शेवटी एका सकाळी भिंतीपलीकडे शांत झालं, म्हणून मी डोकावलो. उस्तांच्या ग्लासात तळाशी नुसती साखर उरली होती आणि मनगटावर फेस जसाच्या तसा होता. वेहबी मिशीला पीळ देत होता. मी म्हटलं, आज हवा दमट आहे म्हणून.

मग फुगे आले. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फुगा न फोडता काढायचा. त्या आठवड्यात भिंतीपलीकडून इतके बार झाले की माझ्याकडे कढई घेऊन आलेली एक बाई कढई टाकून पळाली. सव्विसावा फुगा वाचला. मग माणसाचा गाल हवा होता, आणि बाजारात त्याला गाल द्यायला कुणी तयार नव्हतं.

मी दिला. लोक म्हणाले, बघा, हुलुसी किती मोठ्या मनाचा. मोठं मन वगैरे काही नव्हतं. माझा हिशेब असा की माझा गाल त्याने फाडला की म्हातारा आशा सोडेल आणि भिंत पडेल. गालाचं काय, तो भरून येतो.

पहिल्या दिवशी त्याने मला तीन ठिकाणी कापलं. तुरटी लावताना मी एवढा ओरडलो की पलीकडचा सराफ बाहेर आला. दुसऱ्या आठवड्यात एकदा कापलं. तिसऱ्या आठवड्यात मला खुर्चीत झोप लागली. जाग आली तेव्हा दाढी झालेली होती, आणि गाल इतका गुळगुळीत होता की माझीच मला चीड आली.

एक खोड मात्र त्याची गेली नाही. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासायची वेळ आली की त्याच्या अंगात नाटक यायचं. फटाफट, फटाफट, मनगट नाचवत, बाहेरच्या लोकांना दिसेल असं. उस्ता खुर्चीतून ओरडायचे, “हळू! पाठीवर उलटव, पाठीवर! धारेवर उलटवलास तर धार मुडपते.”

“होतंय की बरोबर, बाबा. लोकांना बघायला आवडतं.”

“लोकांची दाढी करायचीय तुला, करमणूक नाही.”

दोन महिने भरले तेव्हा गिरणीवाल्या झिहनीच्या मुलाचं, तुरगुतचं लग्न आलं. नवरदेवाची दाढी आमच्याकडे अंगणात होते, ढोल-सनईच्या गजरात, सगळ्या गावासमोर. उस्ता मला आणि वेहबीला समोर बसवून म्हणाले, “तुरगुतची दाढी वेहबी करेल. नवरदेवाच्या तोंडावर रक्ताचा थेंब न येता झाली, तर दुकानाची किल्ली वेहबीची. आला थेंब, तर हुलुसी, भिंत तू पाड.”

वेहबीचा चेहरा उतरला, क्षणभरच. मग म्हणाला, “गिरणीवाल्याच्या पोराची दाढी म्हणजे काय मोठं?” मी मात्र त्याच संध्याकाळी गवंड्याशी बोलून ठेवलं.

रविवारी दुपारी झिहनीच्या अंगणात खुर्ची मांडली. तुरगुत बिचारा तीन दिवस दाढी न करता बसलेला, केस त्याचे खराट्याच्या काड्यांसारखे. रिफ्की उस्तांना मानाने पुढे बसवलं होतं, मी त्यांच्या शेजारी. वेहबीने फेस केला तो पाहून मी गप्प बसलो, कारण फेस चांगला होता. मग त्याने पट्टा खुर्चीच्या दांडीला अडकवला आणि वस्तरा घासायला घेतला. ढोलवाला गालात हसला आणि त्याच्या हाताच्या तालावर ढोल धरला. झालं! ढोल जलद झाला तसा वेहबी जलद झाला, वेहबी जलद झाला तसा ढोल. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. वस्तरा पट्ट्यावर कधी पाठीवर उलटतोय, कधी धारेवर, कोण बघणार? उस्तांनी डोळे मिटून घेतले.

एक गाल झाला. दुसऱ्या गालावर वस्तरा टेकला आणि मला आवाज ऐकू आला. मी धातूचा माणूस आहे. चांगला वस्तरा केसावरून कोरडं पान चिरडल्यासारखा कुरकुरत जातो. हा ओढत होता. तुरगुतच्या डोळ्यांत पाणी आलं. वेहबीचा हात थांबला. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “वस्तरा चालत नाही.”

अंगण खदाखदा हसलं. आता हे तुम्हाला सांगायला हवं की आमच्याकडे नवरदेवाची दाढी अर्ध्यावर आली की न्हावी थांबतो आणि हेच म्हणतो. वस्तरा चालत नाही! मग मित्रमंडळी त्याच्या खिशात नोटा कोंबतात आणि वस्तरा पुन्हा चालू लागतो. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक न्हावी हे खोटं बोलत आलाय. वेहबी खरं बोलत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता.

नवरदेवाच्या मामाने खिशात नोट घातली. वेहबी म्हणाला, “नाही हो, खरंच चालत नाही.” आणखी हशा. चुलत्याने नोट घातली. “बेरकी आहे हं!” कुणीतरी ओरडलं. “बापासारखाच!” वेहबीला घाम फुटला. उन्हात तुरगुतच्या गालावरचा फेस कडेने सुकायला लागला होता. वेहबीने सगळ्या तोंडांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. माझ्याच गालावर तो शिकला होता. मला कळलंय, हे त्याला कळलं होतं.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘खरं सांगतोय तो.’ ढोल थांबला असता.

मी उठलो, दहा लिरांची नोट काढली, सगळ्यांना दिसेल अशी हवेत फडकवली आणि त्याच्या खिशात खोचली. “घे, लेका! आता तरी चालव!” ढोल असा कडाडला की काय सांगू. मी हसत हसत जागेवर येऊन बसलो.

 वेहबीने खिशातल्या सगळ्या नोटा काढल्या आणि तुरगुतच्या मांडीवर ठेवल्या. असं आमच्याकडे आजवर कुणी केलेलं नाही. ढोलवाल्याचा हात आपोआप थांबला.

“चुकलं माझं,” वेहबी म्हणाला. “ढोलाच्या नादाने पट्टा मारला. धार मी घालवली. थोडं थांबा.”

अंगणात कुणी हसलं नाही. त्याने गरम पाण्याचा टॉवेल तुरगुतच्या तोंडावर ठेवला. मग डावा तळहात उघडला, जसा उस्ता उघडायचे, आणि वस्तरा तळहातावर फिरवायला लागला. एकदा वर, पाठीवर उलटवून एकदा खाली. हळू. इतकं हळू की मागच्या बाया कुजबुजायला लागल्या आणि मग त्याही गप्प झाल्या. सत्तर-ऐंशी वेळा तरी असेल. मग टॉवेल काढला, वाडगा घेऊन त्याने नवा फेस केला, थेंबाथेंबाने पाणी घालत, मान वाकवून, जणू खरंच काही ऐकतोय. मग दुसरा गाल, हनुवटी, गळा. कोरडं पान चिरडल्याचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला.

शेवटी तुरगुतचं तोंड पुसून त्याने टॉवेल उचलला आणि त्यावर लाल डाग दिसला.

“रक्त!” मी उभा राहून ओरडलो. “उस्ता, रक्त आलं! सगळ्यांनी बघितलंय!”

उस्ता काठी टेकत उठले. कापऱ्या हाताने तुरगुतची हनुवटी वर केली, गळा पाहिला, उलट्या हाताने दोन्ही गाल तपासले. मग त्यांनी वेहबीचा डावा हात धरून उघडला. तळहातावर बारीक चीर होती.

“रक्त याचं आहे,” ते म्हणाले. कमरेची किल्ली काढून त्यांनी त्याच हातावर ठेवली. “फेसात पाणी अजून दोन थेंब चाललं असतं.” मग माझ्याकडे वळून हळूच, पण दहाजणांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हुलुसी, एवढासा डाग दिसला तुला. मघाशी आवाज ऐकू आला नाही होय?”

मी घरी गेलो. केशकेकसुद्धा खाल्लं नाही.

भिंत अजून उभी आहे. उस्ता गेले त्याला सहा वर्षं झाली. वेहबीची मिशी आता एकच आहे आणि ती पांढरी होतेय. दुकानात गर्दी असते. अजून बडबड करतो, अजून अक्कल शिकवतो, त्याचं माझं अजून पटत नाही. पण दुसऱ्या आळीतला न्हावी कापतो, म्हणून शुक्रवारच्या नमाजाआधी मला त्याच्याच खुर्चीत मान टाकून बसावं लागतं.

तुरगुतच्या लग्नानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी एक गाल झाल्यावर त्याने हात थांबवला आणि म्हणाला, “हुलुसीदादा, वस्तरा चालत नाही.” बाकावरचे लोक हसले. मीही हसलो आणि खिशातून दहा लिरा काढले. त्याने घेतले नाहीत. वस्तरा हातात धरून तो आरशातून माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला. मी चिडलो, शिव्या दिल्या, फेस सुकेल म्हणालो. फेस सुकला नाही. बाकावरच्याने चहा मागवला, प्यायला, ग्लास खाली ठेवला, तरी माझ्या गालावर तो तसाच ओला, चकचकीत.

“खरं सांगतोय तो,” मी शेवटी म्हटलं.

“ऐकू नाही आलं.”

“खरं सांगतोय तो!”

त्याने मान हलवली आणि दाढी पुरी केली. तेव्हापासून दर शुक्रवारी एका गालावर तो थांबतो, आणि दर शुक्रवारी मी ते म्हणतो.